पाय लवकर उचलायची सवय आणि वाढलेलं ॲव्हरेज

धायरी ते हिंजवडी रोजची जा-ये आणि मधूनमधून साताऱ्याची फेरी. गाडी मॅन्युअल पेट्रोल हॅचबॅक, चांगली वापरलेली. शहरात लिटरला 13-14 द्यायची. पावसाळ्यापासून फक्त चालवायची पद्धत बदलली, तर आता 16 च्या खाली येत नाही. हे डॅशबोर्डवरचे आकडे नाहीत. एकाच पंपावर, नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी भरून काढलेत.

सगळ्यात जास्त फरक ॲक्सिलरेटरवरचा पाय लवकर उचलल्याने पडला. भूमकर चौकाकडे ब्रेकलाइटची रांग दिसली की पाय काढायचा, गाडी गिअरमध्येच ठेवायची. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात अशा वेळी पेट्रोल जाणंच थांबतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. साताऱ्याच्या वाटेवरचा खंबाटकी घाट उतरताना शेजारी बसलेल्याला डिस्प्लेवर लक्ष ठेवायला सांगा. गिअरमध्ये पाय काढला की चालू ॲव्हरेजची पट्टी पार टोकाला जाते.

म्हणून उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना कळकळीने सांगतो, करू नका. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने कितीतरी गाड्यांना ठोकलं. चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिनच बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात आलं होतं. ट्रकचं इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा देणारा कॉम्प्रेसरही बंद. मी रोज त्याच पट्ट्यातून जातो, आजही मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती वाटते.

हायवेला 100 ऐवजी 80 ठेवतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 100 ला तो 80 च्या दीडपटीहून जास्त. साताऱ्याला पोचायला थोडा उशीर होतो, पण माणूस दमत नाही. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरतो. लांबच्या सिग्नलला टायमर बघून इंजिन बंद. एसी मात्र सोडला नाही, पुण्याच्या धुरात काच उघडी ठेवणं परवडत नाही.

त्रास एकच. पुढे अंतर ठेवलं की दुचाक्या घुसतात आणि मागचा हॉर्न वाजवत राहतो. पहिले काही आठवडे चिडचिड झाली, आता डावी लेन धरतो. गेल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने चाकं काढून ब्रेक पॅड दाखवले. या वेळी बदलावे लागतील असा अंदाज होता, तो म्हणाला, "राहू द्या, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू."