चार वह्यांचा घरगुती हातमाग: जोडणी आणि नऊ महिन्यांचा वापर

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी सात खोक्यांतून हातमाग आला आणि आता ऑक्टोबर अर्धा झाला आहे. या नऊ महिन्यांत मी त्यावर अकरा ताणे, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांचे संच, चढवले, एक कडक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा काढला आणि तीन वेळा सगळे बोल्ट सैल करून माग नव्याने जुळवला. घरी माग घेऊ पाहणारी बहुतेक माणसे किंमत, रुंदी आणि लाकूड एवढेच विचारतात. मीही तेवढेच विचारले होते. जोडणीबद्दल मी एकही प्रश्न विचारला नाही आणि पुढे ज्या ज्या ठिकाणी अडले, त्यातले बहुतेक सगळे जोडणीपाशीच येऊन थांबले.

माग सागवानी चौकटीचा, ३६ इंच विणीचा, चार वह्यांचा (वही म्हणजे उभे धागे वर-खाली करणारी चौकट) आणि सहा पावड्यांचा (पावडी म्हणजे पायाने दाबायची पट्टी) आहे. वाहतुकीसह त्याला ५२,००० रुपये पडले. वह्या वरच्या कप्प्यांवरून जोडीजोडीने लटकतात, म्हणजे एक खाली ओढली की तिची जोडीदार आपोआप वर जाते. आपल्याकडच्या खड्डा मागावरही वह्या अशाच एकमेकींच्या तोलावर चालतात, त्यामुळे जुन्या विणकराला हा माग पाहताक्षणी कळतो. सहा पावड्यांचा हिशेबही सोपा आहे: पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी वही ओढणाऱ्या दोन पावड्या साध्या विणीसाठी आणि लगतच्या दोन-दोन वह्या ओढणाऱ्या चार पावड्या तिरप्या विणीसाठी, म्हणजेच ट्विलसाठी. ज्यांना एक वही खाली आणि तीन वर अशा विणी करायच्या आहेत, त्यांनी मात्र हा प्रकार घेऊ नये. तोल दोनास दोन असेल तरच आडवा धागा वाहून नेणारा धोटा जाण्याची फट स्वच्छ उघडते. एकास तीन केले की काही धागे मध्येच लोंबकळतात आणि धोटा त्यांत अडकतो.

सोबतच्या पत्रकात जोडणीला चार तास लागतील असे लिहिले होते. आम्हा दोघांना दोन रविवार लागले आणि ते योग्यच होते, असे आज मला वाटते. बाजूच्या दोन चौकटी खाचेत कुसू बसवून आधीच तयार येतात. आपल्याला त्यांना जोडणारे आडवे दांडे, ताण्याची तूर आणि कापडाची तूर (धागे आणि कापड गुंडाळायचे रूळ), वरचा कप्प्यांचा पूल, हत्या (आडवा धागा ठोकून बसवणारी झुलती चौकट) आणि पावड्या एवढेच बसवायचे असते. पहिल्या रविवारी आम्ही ते सारे बसवले, प्रत्येक बोल्ट पान्याने पूर्ण आवळला आणि माग उभा राहिला म्हणून समाधानाने जेवायला बसलो. चूक तिथेच झाली. बोल्ट आधी फक्त हाताने फिरवून सैलसर ठेवायचे असतात, मग मापे घ्यायची असतात आणि सगळी मापे जुळल्यावरच शेवटचा आवळा द्यायचा असतो.

मापे म्हणजे कर्ण. डाव्या पुढच्या पायापासून उजव्या मागच्या पायापर्यंत आणि उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत टेप लावला, तेव्हा एक कर्ण १६६ सेंटिमीटर भरला आणि दुसरा १६७.४. चौदा मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. गुण्या लावला तरी जेमतेम जाणवतो, पण ताण्याला तो लगेच कळतो. माझा पहिला ताणा मागच्या तुरीवरून सरळ न येता किंचित तिरका येत होता, त्यामुळे डाव्या काठाचे धागे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या फणीच्या दातांवर सतत घासून पिंजत आणि दर वीतभर कापडामागे एक तरी तुटत असे. मी सुताला दोष देत राहिले. सूत चांगले होते. दुसऱ्या रविवारी सगळे बोल्ट सैल करून, लांब कर्णाच्या दोन टोकांना दोरी बांधून आणि त्या दोरीत काठी घालून पिळत पिळत आम्ही फरक दोन मिलिमीटरवर आणला आणि मग आवळले. त्यानंतर त्याच पेट्यांतल्या सुताचा काठ तुटणे थांबले.

कर्णांखेरीज दोन मापे घ्यावीत. पुढच्या आणि मागच्या आडव्या दांड्यांमधले अंतर दोन्ही टोकांना सारखे हवे आणि हत्या दोन्ही बाजूंनी सारख्याच उंचीवर लटकायला हवा. हत्याचा उजवा कान आमच्याकडे एक भोक वर अडकवला गेला होता, म्हणून ठोका मारल्यावर विणीची रेषा काटकोनात न बसता एका अंगाला पुढे जाई. फरशी समपातळीत आहे असे गृहीत धरू नये. आमच्या खोलीचा एक कोपरा पाणी वाहून जाण्यासाठी थोडा उतरता आहे आणि तिथल्या पायाखाली पत्त्याच्या जाडीच्या तीन रबरी चकत्या घालाव्या लागल्या.

सर्वांत महत्त्वाचा धडा मला टेपने नाही, माणसाने दिला. सासऱ्यांच्या ओळखीचे, सोलापुरात झटका मागावर (दोरीला झटका देऊन धोटा फेकतात त्या मागावर) उभे आयुष्य काढलेले एक आजोबा मार्चमध्ये मुलीकडे पुण्यात आले होते, ते माग पाहायला घरी आले. त्या वेळी माझा धोटा दर दहा-बारा फेकींमागे एकदा ताण्यातून खाली पडत असे. आजोबा खुर्चीवर बसले नाहीत. वाकून त्यांनी पावडी दाबायला सांगितली आणि उघडलेल्या फटीत धोट्याऐवजी आपला पंजा आडवा घातला, खालच्या धाग्यांच्या थराखालून बोट फिरवले आणि म्हणाले, “ताई, वह्या वर राहिल्यात. खालचा पदर हत्याला टेकत नाही, मग धोटा चालणार कशावर? दोन बोटं खाली घ्या.” दोन बोटे म्हणजे त्यांची बोटे, मी मोजले तेव्हा साडेतीन सेंटिमीटर भरले. वह्यांच्या दोऱ्या तेवढ्या सैल केल्या, खालचे धागे हत्याच्या पट्टीवर अलगद टेकले आणि धोटा पाटावरून सरकावा तसा सरळ पलीकडे गेला. मग त्यांनी बोटांच्या मागच्या बाजूने ताण्यावरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हात फिरवला आणि मध्यावर थांबून सांगितले की इथले वीसेक धागे सैल आहेत. मला डोळ्यांना काही दिसत नव्हते. त्या जागी बोट ठेवले तेव्हा फरक कळला. तेव्हापासून प्रत्येक ताणा बांधल्यावर मी डोळे मिटून तसाच हात फिरवते.

फणीबाबत माझी फसगत झाली ती आकड्यांमुळे, आणि ती इतरांची होऊ नये म्हणून नीट सांगते. बऱ्याच परदेशी पुस्तकांत फणीचा आकडा म्हणजे एका इंचातले दात असतात. आपल्याकडे फणीचा नंबर दोन इंचांतल्या दातांवरून सांगतात, कारण एका दातात दोन धागे धरले की तोच नंबर एका इंचातल्या धाग्यांचा होतो. मला २/२० च्या, म्हणजे २० नंबरचे दोन पदर पिळलेल्या, सुती धाग्यासाठी इंचाला ३२ धागे हवे होते, म्हणून पुस्तकाप्रमाणे मी १६ नंबरची फणी मागवली आणि आली ती इंचाला आठ दातांची. दर दाताला चार धागे भरून विणले तर कापडात उभ्या रेघा उमटतात. धुतल्यावर काही मिटतात, सगळ्या मिटत नाहीत. ३२ नंबरची फणी मागवली तेव्हा काम सुरळीत झाले. मागवताना नंबराबरोबर “इंचाला इतके दात” असे शब्दांत लिहून द्यावे.

वह्यांच्या डोळ्यांचाही, म्हणजे एकेक उभा धागा ओवायच्या छिद्रांचाही, हिशेब खरेदीआधी करावा. मागासोबत दर वहीला १०० डोळे, म्हणजे एकूण ४०० मिळाले. २० इंच रुंदीच्या साध्या पंचालासुद्धा इंचाला ३२ धाग्यांप्रमाणे ६४० धागे लागतात, म्हणजे दर वहीवर १६० डोळे. ३६ इंच रुंदीचा माग आणि त्यावर पुरती रुंदी विणता येणार नाही इतके डोळे, हे मला पटले नाही. विक्रेत्याने ते आधी सांगायला हवे होते. जास्तीचे डोळे विकत घेतले आणि महिनाभर वाट पाहिली. सूत मात्र आपण समजतो त्यापेक्षा कमी लागते: पाच मीटर लांबीच्या त्या ६४० धाग्यांच्या ताण्याला जेमतेम १९० ग्रॅम. यातला पाऊण मीटर दोन्ही टोकांना बांधण्यात आणि वह्यांमागे उरण्यात जातो आणि तो तुकडा विणता येत नाही, म्हणून दोन मीटरचे छोटे ताणे वरचेवर काढणे परवडत नाही.

मागाबरोबर आलेल्या दोन गोष्टी मी बदलल्या. पावड्यांच्या दोऱ्या सुती होत्या. त्या ताणून ताणून पंधरा दिवसांत इतक्या लांबल्या की पावडी पूर्ण दाबली तरी फट अर्धीच उघडे. विणलेली पॉलिएस्टरची दोरी लावल्यावर हा त्रास गेला. दोरी बांधताना सरकवून कमी-जास्त करता येईल अशी गाठच मारावी, पक्की गाठ मारली तर उंची जुळवताना दर वेळी कापावी लागते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. ताण्याच्या तुरीवरच्या दातेरी चाकात अडकणारी लोखंडी खिट्टी दातात पूर्ण बसत नव्हती. एप्रिलमध्ये शालीचा ताणा पूर्ण ताणलेला असताना ती निसटली, तूर गरकन फिरली आणि चार मीटर ताणा क्षणात सैल होऊन जमिनीवर आला. विक्रेत्याने बदली खिट्टी पाठवली, पण सहा आठवड्यांनी. तोवर आमच्या कोपऱ्यावरच्या सुतारकाकांनी खिट्टीचे टोक कानशीने घासून दिले आणि आजही तीच खिट्टी मागावर आहे. नवा माग घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी रिकाम्या तुरीला दोन्ही हातांनी जोर लावून खिट्टी पारखून घ्यावी.

ऋतूंचा परिणाम मला वाटला होता त्याहून फार मोठा निघाला. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होतो आणि खळ नसलेला एकेरी धागा तर वहीच्या डोळ्यातच तुटतो. खड्डा मागावर विणकर पाय खड्ड्यात सोडून जमिनीलगत बसतो, ती केवळ जागेची सोय आहे असे मी समजत होते. आजोबांनी सांगितले की खड्ड्यातला गारवा आणि ओल ताण्यालाही मिळते आणि धागा मऊ राहतो. तिसऱ्या मजल्यावर खड्डा कुठून आणणार? मी ताण्याखाली एका पसरट परातीत भिजवलेले गोणपाट ठेवू लागले, दुपारी पंखा बंद ठेवू लागले आणि तुटणाऱ्या धाग्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. सुती धागा ओलाव्याने बळकट होतो, हे शाळेत शिकलेले वाक्य तेव्हा हाताला समजले.

पावसाळ्यात सुताचे चांगले झाले आणि मागाचे वाईट. लाकूड फुगून हत्याचे कान खुंट्यांवर घट्ट बसले. मेणबत्तीचे मेण घासल्यावर सुटले. साधी पोलादी फणी जुलैत गंजली. चार दिवस गावाला जाऊन आले, तेव्हा पांढऱ्या ताण्यावर फणी उभी होती तेवढ्याच जागी तपकिरी रंगाची बारीक रेघ आडवी उमटलेली होती आणि ती साबणाने गेली नाही. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी पहिल्यापासून स्टेनलेस स्टीलचीच फणी घ्यावी. महाग पडते, पण एक ताणा वाया गेला तर तो फरक लगेच भरून निघतो. काम थांबवून उठताना ताणा थोडा सैल करून ठेवण्याची सवयही मला याच काळात लागली.

आवाजाबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोलावे. धोटा हाताने टाकायचा असल्याने त्याचा आवाज होत नाही, पण हत्याचा ठोका फरशीतून खालच्या घरात उतरतो. पायांखाली जाड रबर आणि त्याखाली जुनी सतरंजी घातल्यावर खालच्या काकूंनी सकाळी दहा ते एक ही वेळ मोकळ्या मनाने दिली. तीन तासांत माझ्या गतीने त्या २० इंची पंचाचे पावणेदोन मीटर होतात. मिनिटाला बाराच फेकी मला जमतात आणि इंचाला २८ आडवे धागे लागतात, त्यात धोट्यातल्या धाग्याच्या कांड्या भरण्याचा वेळ वेगळा. ज्यांना कापड लवकर हवे आहे त्यांच्यासाठी ही वस्तू नाही. ज्यांच्याकडे भिंतीपासून सुटी अशी साधारण पाच फूट लांब-रुंद जागा आहे, शिवाय मागाभोवती चारी बाजूंनी फिरता येईल इतकी मोकळीक आहे, आणि महिन्यातून एकदा टेप व पाना घेऊन त्याची विचारपूस करण्याची तयारी आहे, त्यांनी हा माग जरूर घ्यावा. मी आज पुन्हा घेतला असता तर हाच घेतला असता, फक्त फणी आणि डोळे आधी ठरवून.

पाऊस ओसरल्यावर गेल्या आठवड्यात पुन्हा कर्ण मोजले. लाकूड सुकताना आठ बोल्ट हाताने फिरतील इतके सैल झाले होते आणि फरक सहा मिलिमीटरवर गेला होता. दोरी-काठी लावून तो परत दोनवर आणला आहे. आईसाठी निळ्या काठाच्या पंचांचा ताणा खुंट्यांवर काढून तयार आहे, ६४० धाग्यांचा, आणि उद्या दहा वाजता वहीभरणीला, म्हणजे धागे वह्यांच्या डोळ्यांत ओवायला, बसायचे आहे.