फिलाडेल्फियाचं सायन्स हिस्टरी इन्स्टिट्यूट: केमिस्ट्रीवाल्यांनी अजिबात चुकवू नका

न्यू जर्सी किंवा फिलीच्या आसपास राहत असाल आणि घरात कोणी केमिस्ट्रीत एमएस्सी, पीएचडी करणारं असेल तर चेस्टनट स्ट्रीटवरच्या या म्युझियमला जाच. तिकीट नाही, आणि देशाहून पाहुणे आले की लिबर्टी बेल दाखवून चालतच इकडे येता येतं. इमारत जुन्या फर्स्ट नॅशनल बँकेची आहे, सिव्हिल वॉरचा खर्च भागवायला 1863 चा जो कायदा केला त्याखाली पहिलं चार्टर मिळालेली बँक ती हीच.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते बेकमन कंपनीच्या डीयू स्पेक्ट्रोफोटोमीटरपाशी, म्हणजे सोल्यूशन कुठल्या वेव्हलेंग्थचा प्रकाश किती शोषतं ते मोजून त्यात काय किती आहे हे सांगणारं मशीन. मशीन 1941 चं, किंमत तेव्हा 723 डॉलर. क्वार्ट्झच्या छोट्या सेलमध्ये सोल्यूशन भरायचं, वेव्हलेंग्थ लावायची, सुई शून्यावर आणायची, आकडा वहीत उतरवायचा, मग पुढची वेव्हलेंग्थ आणि परत तेच सगळं. पण व्हिटॅमिन ए किती आहे हे बघायला आधी उंदरांना आठवडेच्या आठवडे खायला घालायला लागायचं, ते काम यावर मिनिटांत व्हायला लागलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर असली उपकरणं हवीत असं प्रत्येक डिपार्टमेंटला वाटणारच, पण पैसे देणार कोण?

हा सगळा काळ समजून घ्यायचा असेल तर या इन्स्टिट्यूटच्या ओरल हिस्टरी वाचा, केमिस्टांच्या लांबच लांब मुलाखती आहेत आणि बऱ्याच साइटवर फुकट मिळतात. आणि वाचताना एवढं डोक्यात ठेवा: युद्धकाळात सरकारी रिसर्चचे प्रमुख असलेल्या व्हॅनिव्हर बुशनी जुलै 1945 मध्येच सरकारला रिपोर्ट दिला होता की बेसिक रिसर्चला सरकारने युनिव्हर्सिटीत पैसा घालावा, पण कंट्रोल शास्त्रज्ञांचा का सरकारचा, पेटंट कोणाचं, पैसा मोजक्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांनाच का सगळ्या राज्यांना, यावर सिनेटर किलगोर वगैरेंशी वाद चालू राहिला, 1947 ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी बिलावर सही नाकारली आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन, म्हणजे रिसर्चला पैसा देणारी सरकारी संस्था, झालं थेट मे 1950 मध्ये. मधल्या काळात युनिव्हर्सिट्यांना मोठा आधार दिला तो नेव्हीच्या रिसर्च ऑफिसने. फाउंडेशनच्या बोर्डाचे पहिले अध्यक्ष कोनंट, ते स्वतः केमिस्ट, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पुण्याच्या माणसाला इथे एनसीएल (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) आठवल्याशिवाय राहत नाही, तीही 1950 चीच, 3 जानेवारीला नेहरूंनी उद्घाटन केलं आणि पहिले डायरेक्टर मॅकबेन स्टॅनफर्डचे. फरक असा की आपल्याकडे भर राष्ट्रीय लॅबवर राहिला, युनिव्हर्सिट्या मागे पडल्या, भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा तेव्हाच ओरडून सांगत होते की रिसर्च युनिव्हर्सिटीत वाढवा. मला अगदी मनापासून वाटतं त्यांचं ऐकायला हवं होतं, कारण जिथे पोरं शिकतात तिथेच मशीन नसेल तर नवीन केमिस्ट तयार कुठून होणार.

पाचपैकी पाच स्टार. म्युझियम रोज उघडं नसतं, साइटवर वेळ बघूनच निघा. इथल्याच ओथमर लायब्ररीत बसून जुनी कागदपत्रं चाळायची असतील तर आधी ईमेल करून अपॉइंटमेंट घ्या, आणि गाडीपेक्षा ट्रेन बरी, त्या भागात पार्किंग महाग आहे.