सुपरमार्केटमधलं चिल्लर मोजायचं यंत्र: बरेच महिने वापरल्यावर

परवा पुन्हा यंत्र बंद. पडद्यावर 'मशीन भरले आहे', आणि माझ्या हातात चिल्लरने फाटायला आलेली पिशवी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सोमवारी माणूस येईल." १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनातलं शेवटचं एक सेंटचं नाणं पाडलं, तेव्हापासून आमच्या एडिसनमध्ये (अमेरिकेतल्या न्यू जर्सीत) घरोघरचे या नाण्यांचे डबे बाहेर निघालेत बहुतेक. त्या वैतागातच लिहायला बसलेय.

मोजणी चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. घरी मोजून नेलं होतं, ताळा जुळला. पण कमिशन म्हणजे दरोडा. रोख हवी तर बारा टक्क्यांच्या वर कापतात. आपलेच पैसे, आपणच वाहून आणायचे, वर शंभरातले बारा यांना द्यायचे! त्यापेक्षा बँकेतून कागदी गुंडाळ्या आणाव्यात, टीव्हीसमोर बसून चाळीस-चाळीस क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, भरावीत, दहा डॉलरचा रोल तयार. सुरुवातीला मी याला एकच तारा दिला असता. मग कळलं की गिफ्ट कार्ड घेतलं तर कमिशन नाही. किराणा तर भरायचाच असतो. झाले दोन.

खरी गंमत मात्र खालच्या ट्रेमध्ये आहे. यंत्राला न पटलेली नाणी तिथे पडतात, आणि लोक मोजलेल्या रकमेची चिठ्ठी घेऊन चालू लागतात. मागे वळूनही बघत नाहीत! आता मी दुकानात शिरले की आधी तिकडे. नवरा "मी दूध घेतो" म्हणून सटकतो. सटकू दे. नाण्यांचा मालक दिसला तर मी हाक मारते; "राहू द्या" हेच उत्तर येतं.

काय मिळतं? कॅनडाचीच सर्वांत जास्त. २००० नंतरची त्यांची चिल्लर बहुतेक पोलादाची, त्यामुळे पर्समधल्या फ्रिजच्या चुंबकाला पटकन चिकटते. युरोचे सेंट, डॉमिनिकन पेसो, व्हिडिओ गेमच्या आर्केडचे टोकन. एकदा न्यूयॉर्क सबवेचं टोकन, जे २००३ सालीच बंद झालं. आणि आपला दोन बोटं दाखवणारा दोन रुपयांचा! कुणा देशी माणसाच्या बॅगेच्या कप्प्यातून आला असणार. मला उगाचच भरून आलं.

आणि एक दिवस तो डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं. काळपट, बटणासारखा, म्हणून मी टाकूनच देणार होते. अंगठ्याने पुसला तर १९६४. आडवा धरून कड बघितली: पांढरी, सलग. १९६५ पासूनच्या डाइमला कडेवर तांब्याची रेघ दिसते, याला नव्हती. म्हणजे नव्वद टक्के चांदी, सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. यंत्र नाण्याचा आकार आणि धातूचा विद्युत गुण तपासतं. चांदीचा गुण आजच्या डाइमशी जुळत नाही, म्हणून बऱ्याचदा ते चांदीच बाहेर टाकतं. मूळ मालकाने दहा सेंट सोडले, असं त्याला वाटलं असेल. मी तिथल्या तिथे तिसरा तारा दिला.

१९४३ चा पोलादी सेंटही असाच सापडतो म्हणतात. मला अजून नाही. चुंबक तयार आहे.

पण तो ट्रे ज्याने बनवला, त्याला एकदा भेटायचंय. गुडघ्याच्या उंचीवर, आत अंधार, वर झाकण असं की बोटं घातली की सांध्यावर आपटतं. डाइम तर मागच्या फटीत जाऊन बसतो. मी फोनचा टॉर्च लावून, ओणवं होऊन, केसातल्या पिनेने काढते; एकदा सिक्युरिटीवाला येऊन उभा राहिला. इतकं महागडं यंत्र, तिथे एक सरळ वाटी लावता आली नाही? शिवाय ट्रेमधलं आपलं धड क्वार्टर परत वरून टाका, दुसऱ्यांदा नाकारतं, तिसऱ्यांदा मुकाट्याने घेतं. तेव्हा चिठ्ठी काढायची घाई करू नका, ट्रे रिकामा होईपर्यंत फिरवून टाका.

पाचपैकी तीन. अर्धा अजून दिला असता, झाकणाचा कापला. कॅनडाची नाणी वेगळ्या बरणीत साठवतेय, टोरांटोच्या नणंदेसाठी. त्यातली एक सेंटची नाणी मात्र ती घेत नाही. तिकडे २०१३ पासून रोखीचा हिशेब पाच सेंटांवर गोल करतात.