डबा चांगला, खिटी भिकार : फोल्डिंग स्लूस, एका पावसाळ्यानंतर

मोजमापं, वजन, रंग सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते परत लिहीत बसत नाही. स्लूस म्हणजे वाहत्या पाण्यात तिरका मांडायचा पन्हळीसारखा डबा, रेती धुऊन जाते आणि सोनं आत अडकतं. हा दुमडणारा, ॲल्युमिनियमचा, खाली रेघांची रबरी मॅट, तिच्यावर मॉस (धाग्यांची जाडसर चटई), मग जाळी आणि सगळ्यांच्या डोक्यावर रिफलचा, म्हणजे जड माल अडवणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा, साचा. ज्यांना हा नाद आहे त्यांना एवढं पुरे. मी लिहायला बसलोय ते खिटीसाठी. रिफलचा साचा दाबून धरायला दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या ज्या कड्या असतात, त्या. मालाच्या फोटोंत त्या धड दिसतही नाहीत.

आधी एक शंका मिटवतो, कारण वाडीतल्या प्रत्येकाने ती विचारली. हा डबा कोकणातल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोनं शोधायला घेतलेला नाही. रत्नागिरीपासून वर सगळा बेसाल्ट आणि त्याच्यावर जांभा. सिंधुदुर्गात खडक जुने आहेत खरे, पण तिथे नाव आहे ते कणकवलीकडच्या क्रोमाइटचं आणि रेडीच्या लोहखनिजाचं. शिवाय १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याने परवान्याशिवाय खनिजाचा नुसता शोध घेणंसुद्धा चालत नाही. 'छंद म्हणून करतो' म्हणून सुटका होत नाही. आमची लेक आणि जावई न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर असतात. तिथे सरकारने काही नद्यांचे ठरावीक पट्टे हौशी लोकांसाठी मोकळे ठेवलेत, ॲरोटाउनची ॲरो नदी त्यातलीच. १८६२ मध्ये तिथे सोन्यासाठी झुंबड उडाली होती. आता अशा पट्ट्यात कुणीही परवाना न काढता परात घेऊन बसू शकतो. अवजारं मात्र हाताने चालणारी हवीत, मोटर चालत नाही. म्हणून स्लूस. पाणी नदीचं, उतार आपला, वीजबिल शून्य. शेवटचा मुद्दा मला विशेष पटला.

घेताना तीन प्रकार समोर होते. एक लांब, अखंड ॲल्युमिनियमचा. तो उत्तम, पण विमानात नेणार कसा? दुसरा प्लॅस्टिकचा, एकाच साच्यातून काढलेला, ज्याला रिफलच्या जागी नुसते खळगे असतात. तो हलका आणि स्वस्त, पण हातात घेतल्यावर खेळण्यातला वाटतो. तिसरा हा दुमडणारा. रुंदीचा विचार फार लोक करत नाहीत, तो करा. डबा जितका रुंद तितकं पाणी जास्त लागतं. रिफलवरून दोन-तीन बोटं पाणी सतत धावायला हवं. छोट्या ओढ्यात रुंद डबा लावलात तर पाणी पसरून पातळ होतं, मग खडे पुढे सरकत नाहीत आणि तुम्ही दिवसभर हाताने गोटे उचलत बसता. लांबीवर पैसे घालू नका. जड माल पकडला जायचा तो वरच्या टोकालाच पकडला जातो.

हे मी ऐकीव सांगत नाही. पाण्याची घनता १ धरली तर शिशाची ११.३, सोन्याची १९.३, साध्या वाळूची २.६५. ज्या डब्यात शिसं थांबतं त्यात सोनं थांबणारच. जाळ्याला लावायचं शिसं कानशीने घासून त्याचा कीस केला, बारीक रेतीत मिसळला आणि घरच्या खळ्यात डबा मांडला. वरून टाकीचा पंप, खाली पाणी झेलायला मोठा टब. शिसं विषारी, त्यामुळे हा खेळ व्हाळात किंवा बागेच्या पाटात करायचा नाही, आणि टबातला गाळही कुठे ओतायचा नाही. उतार गवंड्याच्या पाणसळीने लावला, फुटाला साधारण इंचभर. बहुतेक सगळा कीस पहिल्या वीतभरात सापडला. उतार कमी केला की रिफल रेतीने ठासून भरायचे आणि शिसं वरून घसरत जायचं. वाढवला की सगळंच धुऊन जायचं. सौ.चं म्हणणं, एवढी नवी पन्हळ आणलीच आहे तर ती मांगराच्या छपराला तरी लावा.

नुसत्या पाण्याचा अंदाज घ्यायला पोफळीच्या बागेतला पाट बरा. पण पावसाळ्यात इकडे पाण्याजवळ जाऊ नका, दगडासकट डबा वाहून जाईल. शिमग्यापर्यंत पाट आटत जातो. दिवाळीनंतरचे दोन महिने खरे.

आता खिटी.

स्लूसने जड माल नुसता पकडून भागत नाही. रिफलमागच्या भोवऱ्यात काळी रेती साठत जाते. तिच्यातल्या मॅग्नेटाइटची, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाची, घनता पाचच्या वर आहे, तेही जडच. खाचा भरून दगडासारख्या घट्ट झाल्या की बारीक सोन्याला थांबायला जागा उरत नाही. म्हणून साचा वरचेवर उघडून मॅट बादलीत झटकावी लागते. म्हणजे या डब्यात सगळ्यांत जास्त हात लागणारी वस्तू कोणती? खिटी. आणि कंपनीने काटकसर नेमकी तिथे केली. डब्याला चांगला पत्रा, बिजागरीला चांगली पिन, आणि खिटीला साध्या लोखंडावर जस्ताचा पातळ हात.

पावसाळाभर डबा पडवीत टांगलेला होता. व्हाळात नाही, समुद्रात नाही, पडवीत, कोरडा. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, एवढाच त्याचा गुन्हा. नोव्हेंबरमध्ये काढला तर दोन्ही खिट्या तांबड्या, आणि रिवेटभोवती ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी फुटलेली. मी जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढलंय. खाऱ्या दमट हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ठेवले की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको, पण डबा बनवणाऱ्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं. एक खिटी तेल पाजून सुटली. दुसरी हातात तुटली. साचा अर्धा उघडा, अर्धा जाम, आणि आत मॅटमध्ये आमच्या बागेतली तांबडी माती.

ही माती साधी गोष्ट नाही. न्यूझीलंडला उतरताना वापरलेलं, माती लागलेलं सामान जाहीर करावं लागतं आणि तिथले लोक ते उघडून बघतात. चिखलाचे बूटसुद्धा सुटत नाहीत. म्हणजे मॅट काढून धुतल्याशिवाय डबा न्यायचा नाही, आणि खिटी सुटल्याशिवाय मॅट निघायची नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, गंज गॅरंटीत बसत नाही. मी विचारलं, ज्या वस्तूचा जन्मच पाण्यात बसायला झालाय तिला गंज गॅरंटीत का बसत नाही? त्यावर दुसरा माणूस आला, त्याने पहिल्यापासून सगळं परत विचारलं, ऑर्डर नंबरसकट. बरं, दोन खिट्या विकत द्या, म्हटलं. सुट्या मिळत नाहीत, पूर्ण साचा घ्यावा लागेल. त्याची किंमत डब्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, वर पोस्टेज, वर कस्टम. मधल्या काळात 'आमच्या सेवेबद्दल किती समाधानी आहात' हा मेसेज दोनदा. त्या दिवसांत मी हा अनुभव लिहायला घेतला होता आणि मथळा होता 'घेऊ नका'. प्लॅस्टिकचा डबा घ्यायला हवा होता, त्याला खिटीच नाही, बादली ओतली की साफ, असं त्यात दोन परिच्छेद भरून होतं. आपल्याकडचे झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर आणि राख धुऊन पिढ्यान्‌पिढ्या सोनं काढत आले, त्यांना कुठली खिटी लागली, असंही होतं.

मग डबा काखोटीला मारून बंदरावर गेलो. ट्रॉलरचं फिटिंग करणारा एक पोरगा आहे, त्याने खिटीकडे एकदा बघितलं, चुंबक लावला आणि म्हणाला, "काकानू, ह्या साधा लोखंड आसा. खाऱ्या वाऱ्यात किती दिस टिकतला?" जुने रिवेट छिलून काढले, होडीच्या पेटाऱ्यांना लावतात त्या ३१६ स्टीलच्या (खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेसच्या) कड्या बसवल्या, आणि मी न सांगता मध्ये नायलॉनचे वॉशर घातले. स्टील कितीही चांगलं असलं तरी ॲल्युमिनियमला थेट टेकवायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. खर्च किती? मजुरीसकट, आमच्या नाक्यावर दोन माणसं सुरमईची थाळी खातील तेवढा. कंपनीच्या पानावर या डब्याला 'प्रोफेशनल' म्हटलंय.

वरचं सगळं राग डोक्यात असताना लिहिलेलं. आता मार्च आहे, डबा ॲरो नदीचं पाणी पिऊन आलाय, आणि थोडं मागे घ्यावं लागतंय.

तिकडचं सोनं चपटं आणि बारीक. खडक शिस्ट, त्याच्या पापुद्र्यांतून सुटलेलं. गारनेटची लालसर रेती आणि काळी रेती भरपूर. अर्ध्या इंचाच्या चाळणीतून चाळून एकेक फावडं सावकाश घालायचं, घाई केली की रिफल गुदमरतात. पाणी इतकं थंड की बोटं बधिर होतात. त्या बधिर बोटांनी दर थोड्या वेळाने खिटी उघडायची आणि बंद करायची, आणि नवी खिटी अंगठ्याने टक्‌कन उघडते, टक्‌कन बसते. जावई म्हणाले, "बाबा, सोन्यापेक्षा तुम्ही त्या कडीकडेच जास्त बघताय." बघणारच.

आणि ती रेघांची रबरी मॅट, जिला मी घरी नावं ठेवत होतो. घरी तिचा काही उपयोग दिसला नव्हता. तांबडा चिखल तिच्यात बसतो आणि ब्रशशिवाय निघत नाही. ॲरोवर मात्र वरच्या टोकाचा मॉस कापून वीतभर मॅट उघडी ठेवली आणि पाच-दहा फावड्यांतच काळ्या रबरावर पिवळे ठिपके दिसायला लागले. साचा उघडावा लागत नाही, नुसतं वाकून बघायचं. जागा बरी आहे की हलायचं, हे तिथल्या तिथे कळतं. हे मला घेतानाच कुणी सांगितलं असतं तर मी मॅटच्या रंगावर एवढी चिडचिड केली नसती. खालच्या भागात मॉस हवाच, पिठासारखं सोनं त्यातच राहतं. शेवटी परातीत धुताना पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर ते पीठ पाण्यावर तरंगत कडेवरून जातं. हे घरी आणून करा, नदीत साबण नको.

मिळालेलं सगळं एका छोट्या बाटलीत आहे. सौ.नी ती उजेडात धरून बघितली आणि विमानाच्या तिकिटाचा आकडा मोठ्याने म्हटला. तो विषय इथे नको.

तर कुणी घ्यावा? कोल्हापूर-पुण्याकडे राहत असाल आणि परदेशातल्या वारीसाठी हवा असेल तर आहे तसा घ्या, कुरकुरायला जागा नाही. किनाऱ्यावर राहत असाल तर खोका उघडल्या उघडल्या खिटीला, रिवेटला आणि बिजागरीच्या पिनेला चुंबक लावा. नाहीतरी काळी रेती वेचायला चुंबक तुमच्याकडे असतोच. चिकटला तर एकतर परत पाठवा, मुदत संपायच्या आत, किंवा पहिल्या पावसाआधी बंदरावर जा. मी दुसरा मार्ग घेईन, कारण परत पाठवण्याचा खर्च खिटीपेक्षा जास्त येतो. प्लॅस्टिकवाल्याबद्दल मत अर्धं बदललंय. छोट्या ओढ्याला आणि हलक्या बॅगेला तो अजूनही बरा, पण वरच्या टोकाला उघडी मॅट ठेवायची सोय त्यात नाही, आणि ती एकदा वापरल्यावर सोडवत नाही.

बिजागरीच्या जोडातून थोडं पाणी झिरपतं, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलीय. बिजागरीची पिन चुंबकाला चिकटत नाही, हे त्याच वेळी बघून घेतलं. पाचातले साडेतीन तारे. अर्धा तारा खिटीचा कापला, उरलेला एक त्या समाधानाच्या मेसेजचा.