मांड्या सुकल्यात: अल्ट्रासाउंड, करंट की व्यायाम?

सेप्सिस (जंतुसंसर्गामुळं सगळ्या शरीरात उठणारी जीवघेणी प्रतिक्रिया) किंवा न्यूमोनियातून माणूस घरी येतो तेव्हा ताप गेलेला असतो, पण मांड्यांची कातडी लोंबत असते. २०१३ साली ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागातल्या ६३ रुग्णांची मोजमापं प्रसिद्ध झाली. पहिल्या दहाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आडवा छेद, म्हणजे त्याची जाडी, सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास घटला होता. नुसतं पडून राहिल्यानं एवढं होत नाही. दाह भडकला की टीएनएफ-अल्फासारखे रेणू स्नायूतली प्रथिनं मोडायला लावतात.

मग कुणीतरी अल्ट्रासाउंडच्या दहा सिटिंग सुचवतं. जेल लावून प्रोब फिरवतात, ते मशीन; तपासणीची सोनोग्राफी नव्हे, फिजिओकडचं उपचाराचं. त्यातल्या १ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण ५ सेंटिमीटर खोल जातात. कमी तीव्रतेच्या तुटक लहरींनी दाह उतरल्याचं उंदरांत आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत दिसलंय, आणि त्या संशोधनाकडून मला खरंच आशा आहे. पण आजारी माणसाचा स्नायू त्यानं वाचतो, याला अजून भक्कम आधार नाही. हाडांच्या बाबतीत काय झालं बघा: फ्रॅक्चरसाठी अशा लहरींना अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली, आणि २०१६ मध्ये नडगीच्या फ्रॅक्चरच्या ५०१ रुग्णांवरच्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. शिवाय छोटासा प्रोब एका वेळी थोडीशीच जागा धरतो. मांडी केवढी मोठी!

करंटचं, म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून स्नायूला विजेचे हलके झटके देण्याचं, तसं नाही. त्यानं स्नायू प्रत्यक्ष आकुंचन पावतो, म्हणून ज्याला पाय उचलताच येत नाही त्याच्यासाठी मी तो निवडेन. पेसमेकर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुखण्यासाठी मिळणारं टेन्स मशीन वेगळं, त्यानं ताकद येत नाही.

पाय थोडा जरी हलत असेल तर पैसे फिजिओच्या व्यायामावर घाला. खुर्चीतून उठ-बस, पायाला वजन बांधून गुडघा सरळ करणं, मग जिना. सोबत किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५० किलोच्या आईला निदान ६० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. वरण-भातावर हे भागत नाही. किडनीचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांकडून घ्या.

आणि एकच पोटरी सुजून दुखत असेल तर तिन्ही थांबवा, त्याच दिवशी डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. शिरेत गुठळी असू शकते.