जाणकारासमोर एकट्याने बेस वाजवायचा, तर काय निवडायचं?

सोलापुरात बेस गिटार शिकलेला माणूस बहुधा कुणाच्या तरी मागे उभं राहून शिकलेला असतो. लग्नाचा ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, चर्चमधला रविवारचा बँड. त्यामुळे हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रमाला आलेला एखादा मोठा वादक ‘उद्या सकाळी ये, काहीतरी ऐकव’ म्हणाला, की आनंदापेक्षा धास्ती जास्त. एकट्याने वाजवण्यासारखं बेसवर आहे काय? भरपूर आहे. पण त्यातलं बरंचसं तुमच्या कामाचं नाही.

जाणकाराच्या कानाला आधी काय लागतं, ते बघा. स्वर केव्हा सुरू झाला याइतकाच तो केव्हा थांबला, न वाजवलेल्या तारा मागे घुमतायत का, संथ जागी लय गळतेय का. वेगाचा नंबर याच्या बराच नंतर. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: साधा चार तारी, फ्रेटवाला (मानेवर स्वरांच्या पट्ट्या असलेला) बेस असेल तर बाख या जर्मन रचनाकाराचा प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा. फ्रेटलेस, म्हणजे पट्ट्या नसलेला, असेल आणि समोरचा हिंदुस्तानी संगीतातला असेल तर आलाप. बाकीच्यांसाठी खास कारण हवं.

सगळ्यांना मोह होतो तो ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’चा. अमेरिकन जॅझ बेसवादक जॅको पास्टोरियसच्या 1976 सालच्या पहिल्या अल्बममधली ही रचना जवळजवळ सगळी हार्मोनिक्सवर उभी आहे. मोकळ्या तारेला ठरलेल्या जागी नुसता स्पर्श करून काढलेले घंटेसारखे स्वर वर, आणि खाली दाबलेले खर्जातले स्वर. लांबी अडीच मिनिटांच्या आतच. ऐकताना वाटतं, हे तर संथ आहे, जमेल. अडचण एका ताणात आहे. तर्जनीने खालच्या फ्रेटवर स्वर दाबायचा आणि त्याच तारेवर चार फ्रेट पुढे करंगळी अलगद टेकवायची. बेसच्या सुरुवातीच्या फ्रेटमधलं अंतर बघता लहान हाताला हे सोसत नाही, आणि ओढाताण झाली की स्वर उमटतच नाही.

पण या जागेत एक गंमत आहे. तारेचा पाचवा भाग जिथे पडतो, तिथून निघणारा हा स्वर म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार. कीबोर्डवरच्या गंधारापेक्षा तो सुमारे 14 सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) उतरलेला असतो. गाण्याची तालीम झालेला श्रोता इथे मान डोलावेल. पियानोवाला मात्र क्षणभर कपाळाला आठी घालेल. हे हार्मोनिक्स जुन्या तारांवर मरतात, तेव्हा नव्या राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारा लागतीलच. गावातल्या दुकानात हवा तो संच नसेल तर पुण्याहून मागवायचे दिवस धरून चाला. आणि समोरचा स्वतः बेस वाजवणारा असेल, तर ही रचना सरळ सोडून द्या. त्याच्या कानात मूळ रेकॉर्डिंग पक्कं बसलेलं असतं, आणि तुमची तुलना थेट जॅकोशी होते. एवढी किंमत कशाला मोजायची?

बाखच्या पहिल्या चेल्लो स्वीटचा, म्हणजे बीडब्ल्यूव्ही 1007 (बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) चा, प्रिल्यूड याच्या उलट. तो बेससाठी लिहिलेलाच नाही, त्यामुळे ‘मूळ बेसवाल्यासारखा’ वाजवण्याचं ओझं नाही. 42 बार (तालाचे छोटे समान भाग), जी मेजर, जवळपास सलग सोळांश (मात्रेला चार येणारे) स्वर. बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. आना माग्डालेना या त्याच्या बायकोने केलेली नक्कल आहे, आणि तिच्यातल्या स्वर जोडण्याच्या खुणांबद्दल वादक आजही भांडतात. लय किती, जोर कुठे, हेही लिहिलेलं नाही. म्हणजे निर्णय तुमचा, आणि जाणकाराला नेमका तोच ऐकायचा असतो. 22 व्या बारमधल्या थांब्यावर तुम्ही किती थांबता, यावरून त्याला तुमच्याबद्दल पुष्कळ कळतं.

बसवायचं कुठे, हा खरा प्रश्न. चेल्लोच्याच उंचीवर वाजवलं तर शेवटच्या चढणीतला वरचा जी 24 व्या फ्रेटवर जातो. 20-21 फ्रेटच्या बेसवर तो नाहीच. सप्तक खाली घेतलं तर चेल्लोची सर्वांत खालची तार सी, आपली ई, त्यामुळे तळाचे मोजके स्वर वर उचलावे लागतात. पाच तारी बेस असेल तर तेही नको. मला सप्तक खालचंच पसंत. पहिला जी ई-तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर येतो, आणि शेवटी डी धरून स्वर पायरी-पायरीने चढतात तेव्हा डी-तार मोकळी घुमत राहते, हात जी-तारेवर चढत बाराव्या फ्रेटला पोचतो. तोटा एकच, आवाज गढूळ होतो. सरावाच्या छोट्या अ‍ॅम्पमधून ई-तारेचे 41 हर्ट्‌झ धड निघत नाहीत, नुसती घरघर येते. बासचं बटण कमी, मिडचं थोडं जास्त, आणि उजव्या हाताचा अंगठा वरच्या तारांवर टेकलेला. तीनेक मिनिटं लागली तरी चालेल, पळवू नका.

‘डॉना ली’ ही जॅकोच्या त्याच अल्बमची सुरुवात. 1947 मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने ध्वनिमुद्रित केलेली बीबॉप (वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझची शैली) धून जॅकोने बेसवर घेतली, सोबत फक्त डॉन अलायसचे काँगा. लय मिनिटाला 200 च्या वर. धून पाठ होते, महिने लागतात पण होते. खरी परीक्षा धून संपल्यावर, जेव्हा त्याच कॉर्डवर तुम्ही स्वतःचं काहीतरी वाजवायचं असतं. जॅकोचा सोलो जसाच्या तसा उतरवून वाजवणं म्हणजे दुसऱ्याचं भाषण पाठ म्हणणं, आणि जॅझवाल्याला ते दुसऱ्या ओळीत ओळखू येतं. काँगाऐवजी ढोलकी घेऊ, असं कुणीतरी सुचवणारच. ढोलकीवाल्यांना आपल्याकडे तोटा नाही. पण स्विंगची, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीची, चाल न जाणणारा उत्तम ढोलकीवाला तुम्हाला वाचवत नाही, बुडवतो. कॉर्डवर सुचत असेल तरच इकडे या.

स्लॅपबद्दल, म्हणजे अंगठ्याने तारेवर ठोकून वाजवण्याबद्दल, थोडक्यात. अमेरिकन बेसवादक व्हिक्टर वूटनचं 1996 चं ‘क्लासिकल थंप’ मंडळाच्या स्टेजवर टाळ्या घेईल. लहान खोलीत चार फुटांवर बसलेल्या माणसाला मात्र त्यातली प्रत्येक नको असलेली खटखट ऐकू येते. मेटॅलिका बँडच्या क्लिफ बर्टनचा 1983 चा डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा) आणि वा (आवाज ‘वा-वा’ करणारा) पेडलवाला सोलो मला मनापासून आवडतो, पण पेडलच्या मागे बोटं लपतात, आणि ऐकणारा बोटंच बघायला बसलेला असतो.

आता आलाप. इथे बहुतेक जण षड्‌ज चुकीचा निवडतात. मोकळी ई-तार सर्वांत जाड, म्हणून तोच सा धरतात. मग मोकळ्या ए, डी, जी या शुद्ध मध्यम, कोमल निषाद आणि कोमल गंधार होतात, आणि यमन किंवा भूप वाजवताना त्या मागून गुणगुणत राग बिघडवतात. सा जी-तारेवर ठेवा. डी मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, ए मंद्र रिषभ, ई थेट अतिमंद्र धैवत. चारही मोकळे स्वर यमनमध्येही बसतात आणि भूपातही. तार चुकून घुमली तरी रागातच घुमते. फ्रेटलेसवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) सुंदर निघते, बेसच्या तारेची आस, म्हणजे घुमत राहणं, लांब असल्याने न्यासाला, म्हणजे स्वरावर थांबायला, भरपूर वेळ मिळतो. पण फ्रेट नाहीत म्हणजे आधारही नाही. गंधार किंचित चढला तर समोरचे बुवा काही बोलणार नाहीत, नुसते तंबोऱ्याकडे बघतील. फ्रेटवाल्या बेसवर लांब मींड येत नाही, तेव्हा यमनच्या वाटेला न जाता भूपातले सरळ, ठेहरावाचे स्वर घ्या. तेही जमत नसतील तर बाख आहेच. आणि रागाची तालीम घेतलेली नसेल, तर फ्रेटलेस हातात असूनही आलाप नको. पाच मिनिटांत उघडं पडायला होतं.

यातलं काहीही निवडलं तरी एक साधी बेसलाइन तयार ठेवा, चार बारची, मध्यम लयीतली. सोलो संपल्यावर बरेच मोठे वादक स्वतःचं वाद्य उचलतात आणि म्हणतात, ‘आता माझ्यामागे वाजव.’ ऑर्केस्ट्रात घालवलेली वर्षं तिथे उपयोगी पडतात. तेव्हा सोलोतला एकही तुकडा मध्ये घुसडू नका. आणि एप्रिल-मेमध्ये जात असाल तर अर्धा तास आधी पोचा. उन्हातून एसीच्या खोलीत आणलेला बेस लगेच सुरात लावला तर पहिल्या दहा मिनिटांतच सरकतो.