आकडा चढतो, बातम्या बुडतात: डीएसपी रेडिओ, आठ महिन्यांनंतर

हा डीएसपी, म्हणजे सिग्नल डिजिटल चिपने हाताळणारा, रेडिओ सेट घेतला तो स्क्रीनवरच्या दोन आकड्यांसाठी. पहिला सिग्नलची ताकद, डीबी मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे सेटच्या आत पोचलेल्या व्होल्टेजच्या मापात. दुसरा सिग्नल आणि खरखर यांतला फरक: जितका जास्त, तितका आवाज स्वच्छ. बाकी फीचर्स तुम्हाला पाठ असतीलच.

मुक्काम सातारा. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, १०० किलोवॅट, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर. दुपारी ३६/१९ (ताकद ३६, फरक १९) दिसायचं आणि आवाज खणखणीत. सेट आडवा फिरवून आतल्या फेराइट रॉडचं, म्हणजे एएमच्या अँटेनाचं, टोक पुण्याकडे केलं की तोच आकडा २४ वर यायचा. पहिला महिना मी हाच खेळ करत होतो. तक्रार एकच: डिस्प्लेचा दिवा पाच सेकंदांत विझतो. पाच! वही उघडेपर्यंत अंधार.

तिसऱ्या महिन्यात संध्याकाळच्या बातम्या ऐकवेनात. निवेदक तापल्या कढईत बसून बोलतोय अशी चरचर. आधी वाटलं, अंधार पडल्यावर आकाशलहर, म्हणजे वरच्या वातावरणावरून परतणारी रेडिओलहर, येऊन मिसळते, आकडा झोके घेतो, त्यातलंच काहीतरी. पण आकडा हलेचना. ४२ वर ठाम, दुपारपेक्षा सहाने जास्त! दुसरा मात्र शून्य. नेला दुरुस्तीला. दुकानदाराने सेल काढून पुन्हा घातले, "काका, एएम आता कोण ऐकतं?" म्हणाला आणि दीडशे मागितले. घासाघीस करून पन्नास दिले, तेही जिवावर आले. घरी येऊन एक तारा द्यायचा म्हणून परीक्षण लिहायला बसलो.

तेवढ्यात लाइट गेली. रेडिओ सेलवर चालू होता. ३६/१९. आतून सौ. म्हणाली, "अहो, आज किती स्वच्छ येतंय!"

लाइट आल्यावर एकेक एमसीबी पाडत गेलो. चोर पोर्चमध्ये सापडला: शंभरला तीन म्हणून मीच आणलेला एलईडी बल्ब. पहिला आकडा स्टेशन ओळखत नाही. ७९२ वर जे पडेल ते मोजतो, बल्बची चरचरसुद्धा. त्यामुळे ताकद वाढलेली दिसते आणि स्टेशन बुडतं. तेव्हापासून मी आधी दुसरा आकडा बघतो. आणि हो, ताकदीचा हा पहिला आकडा म्हणजे मिलिव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे हवेतल्या लहरीच्या ताकदीचं माप, नव्हे. ७९२ वर आणि सांगलीच्या १२५१ वर रॉड सारखाच पकडत नाही, तेव्हा दोन केंद्रांची ताकद यावरून ठरवू नका. एकाच केंद्राची, एकाच जागी, दुपारच्या वेळी तुलना करा. तेवढ्याला सेट झकास आहे.

म्हणून एकाचे चार तारे केले. पाचवा डिस्प्लेच्या त्या दिव्यापायी गेला. मोबाइलच्या टॉर्चने आकडे वाचायचे, तर मोबाइल चार्जरला असला की पुन्हा चरचर.

पोर्चमध्ये आता माळ्यावरचा जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब लावलाय. बिलावरून रोज बोलणी खातो, पण त्याच्या उजेडात आकडे डिस्प्लेच्या दिव्याशिवाय वाचता येतात.